तोंडातल्या टाचण्या

हिवाळा आला की मुलींच्या शाळेत कार्यक्रमांना ऊत येई. शर्यती, प्रदर्शन, वर नाटक. आणि जो तो शिवणाच्या बाईंपुढे कापड टाकून मोकळा होई. बाईंच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे त्या नुसती मान हलवत. बाई कुणाला नाही म्हणत नाहीत, असा शाळेत समज झाला तो त्यामुळेच.

नाटकाच्या दिवशी राणी, अस्वल आणि झाडं त्यांनी उभ्याउभ्याच टाचली. शेवटी त्यांची स्वतःची लेक साध्या गणवेशात समोर आली. हिचं शिवायचं राहिलंच की काय, म्हणून बाईंनी उरलेलं कापड पुढे ओढलं. टाचण्या काढून त्यांनी विचारलं, "तू काय झालीयेस गं?"

"शाळेतली मुलगी. मीच मागून घेतलं. त्याला काही शिवावं लागत नाही."

बाईंनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि मान हलवली.