पत्रकाची कोरी बाजू

वाचता येत असलेली पाटी मुद्दाम न वाचता पुढं गेलेला माणूस तुमच्या घरात आहे का? नसेल, तर तुम्ही सीमाभागापासून फार लांब राहता. असेल, तर हे त्यालाही वाचून दाखवा.

गेल्या आठवड्यात मी मोटारसायकलवरून बेळगावजवळच्या कंग्राळीहून निपाणीला गेलो. हमरस्त्यानं हा प्रवास दीड तासाचा. मला जवळजवळ अकरा तास लागले.

निपाणीत शांताक्का राहते. नात्यानं माझ्या आईची मावसबहीण, पण सगळी गल्ली आक्का म्हणते म्हणून मीही आक्काच म्हणतो. ती आणि तिच्या शेजारणी घरी विड्या वळतात आणि दुपारी केंद्रावर नेऊन देतात. तिथं माल तपासून होईपर्यंत उघड्या अंगणात बसायचं. वर छप्पर नाही, आसपास संडास नाही. त्या दिवशी चार वाजता कामगार खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. त्यांच्या हातात द्यायला बायकांना एक पत्रक हवं होतं, आणि ते मी लिहिलं होतं.

पत्रक लिहिणं हा आमच्या घरचा कुळाचार. मी मुळाक्षरं गिरवली तीसुद्धा आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, सीमालढ्यातल्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. त्यामुळं आक्कानं फोनवर सांगितलं, "म्होरं मराठी आन् मागं कन्नड छाप रं. साहेब तिकडचा हाय. आमच्यातल्या निम्म्या बायका बी कन्नडच बोलत्यात," तेव्हा मी तिला तत्त्व समजावलं. बराच वेळ समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं तुजं? मग चारच्या आत ये."

मागची बाजू कोरीच राहिली.

पत्रकं आदल्या संध्याकाळी छापून मिळाली होती. पण ज्या मुलुखासाठी आपण लिहितो तो आधी डोळ्यांखालून घालावा असं मला वाटलं. शिनोळी, चंदगड, आंबोली, आजरा, गडहिंग्लज आणि मग निपाणी, असा मोठा वेढा ठरला. जोडीला एक व्रत: दिवसभर कन्नड बोलायचं नाही, वाचायचं नाही, कानावर पडलंच तर समजून घ्यायचं नाही. हे सोपं नाही. मराठी शाळेत शिकलो तरी कन्नडचे पेपर मीही लिहिलेत, आणि बरे लिहिलेत.

साडेपाचला निघालो. पत्रकांचा गठ्ठा मागच्या सीटवर बांधलेला. शिनोळीला राज्य बदललं, महाराष्ट्र लागला आणि मला भरून आलं. चहाच्या गाडीवर थांबलो. गाडीवाल्यानं माझी नंबरप्लेट पाहिली, मग मला पाहिलं.

"अण्णा, चाय? शक्कर कम?"

"मराठीत बोला की."

"अरे वा! येतंय व्हय तुम्हाला?"

चहा गोड होता. मला तो कडू लागला.

चंदगडच्या पुढं रस्ता जंगलात शिरतो आणि भांडण संपल्यासारखा निवांत होतो. दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, मध्येच लाल मातीचा बांध, कापणीला आलेलं भात. पुढं वळणामागून वळण. गाडी डावीकडं कलली की दरी दिसते, उजवीकडं कलली की आभाळ. चौथ्या गिअरमधलं इंजिन एकच सूर धरून होतं आणि माझ्या डोक्यातली सगळी घोषवाक्यं तासभर गप्प होती. तेवढा तास मी कुठल्या राज्यात आहे हे मला आठवलंही नाही. पुढं मला याची जरा लाज वाटली.

आंबोलीला धुकं होतं. निव्वळ वळणांच्या हौसेनं घाट अर्धा उतरलो आणि पुन्हा चढलो. वर भजी खात असताना शेजारच्या बाकावरच्या कोल्हापूरच्या बाईंनी चौकशी केली, "बेळगावचे का? कर्नाटकातले असून मराठी किती छान बोलता हो!"

त्यांना मनापासून कौतुक वाटलं होतं. मी बॅगेतून एक पत्रक काढून दिलं. त्यांनी त्यात उरलेली भजी बांधून घेतली.

आजऱ्याला खानावळीत घनसाळ (इकडचा वासाचा बारीक तांदूळ) भात आणि आमटी जेवलो. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "एकटाच हिंडतूयास? भांडून आलास व्हय घरात?" नाही म्हटलं, तर त्यांचा विश्वास बसला नाही.

गडहिंग्लजला दोन वाजले. वेळ भरपूर होता, म्हणून हमरस्ता टाळून आडवाट धरली. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कर्णे लावून चालले होते. त्यांच्या मागून धूळ खात जाताना कधीतरी पुन्हा राज्य बदललं. उसामधून तंबाखूची रुंद पानं दिसू लागली, आणि एका फाट्यावर ती पाटी आली. पांढरा पत्रा, लाल कन्नड अक्षरं, डावीकडं दाखवणारा बाण. मराठीचं नाव नाही. मी मान फिरवली. बाण काही कुठल्या भाषेचा नसतो. पण त्या घडीला तोही मला परका वाटला. मी सरळ गेलो.

सहा-सात किलोमीटरवर रस्ता संपला. ओढ्यावरची मोरी (छोटा पूल) पूर्ण उकरलेली, पलीकडं खडीचा ढीग. काठावर एक म्हातारा म्हैस धूत होता आणि त्याची बायको धुणं आपटत होती.

"पाटी हाय की फाट्यावर. दिसली न्हाय?"

"कन्नडात होती. मला येत नाही."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या नंबरप्लेटकडं पाहिलं. मग बायकोकडं वळून हलकेच म्हणाला, "ओदिद कत्ते." (शिकलेलं गाढव.)

माझे कान तापले. ते त्याला दिसले असावेत.

"आगं, कळतंय की ह्याला!" तो इतका हसला की म्हशीनं मान वळवून पाहिलं. "न्हाय येत म्हनतूया, आन् शिवी बरोब्बर लागली!"

म्हातारी म्हणाली, "गप बसा की हो. बाळा, माघारी जा. बाणाकडनं गेलास की निपाणीच लागतंय बघ."

तेवढ्यात फोन वाजला. आक्का होती. "कुठं हाईस रं? साहेब आलाय. चहा पाजून बसवलाय. पर किती येळ बसंल?"

घाटात मी रमतगमत वळणं घेतली होती. ती सगळी मजा त्या परतीच्या सहा-सात किलोमीटरांनी वसूल केली. केंद्रावर पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. उन्हात साठ-सत्तर बायका पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. साहेब जीपच्या दारात उभे होते.

"वळणं बघाय गेलतास व्हय?" आक्का एवढंच म्हणाली आणि माझ्या हातातलं पत्रक घेऊन तिनं साहेबांपुढं धरलं.

साहेब तरुण होते, लांबच्या जिल्ह्यातून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी कागद पाहिला, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची.

"कन्नडदल्लि इल्लवा?" (कन्नडात नाही का?)

उर्मटपणा नव्हता त्यात. त्यांना खरंच मराठी वाचता येत नव्हतं. मला कन्नड येत होतं, पण माझं व्रत होतं. आक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या शेजारी मल्लव्वा नावाची म्हातारी मांडीवर रिकामं सूप घेऊन बसली होती. तिचा चेहरा उन्हानं काळवंडला होता. तत्त्व माझं होतं, पण ऊन तिच्या डोक्यावर होतं.

मी कन्नडात बोललो. छप्पर, पाणी, संडास. पहिली दोन वाक्यं अडखळली, मग आपोआप येत गेली. मल्लव्वानं मान वर केली. माझं काही चुकलं की ती तिथल्या तिथं दुरुस्त करी, आणि मी तिचा शब्द घेऊन पुढं जाई.

"लिहून द्या," साहेब म्हणाले. मी पायरीवर बसलो. पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर, लहानपणी बसायचो तसाच पोटाशी पाय घेऊन, सगळं कन्नडात उतरवलं. साहेबांनी ते वाचलं, दुसऱ्या प्रतीवर पोच दिली आणि म्हणाले, पंधरा दिवसांनी परत येतो. येतील का, माहीत नाही. पण त्यांना काय म्हटलं ते त्यांना समजलंय, एवढं आता नक्की.

जीप गेल्यावर मल्लव्वानं आपली प्रत माझ्यापुढं धरली. पाठ कोरी होती. "नन्नदू बरी." (माझ्यावरपण लिही.) तिच्यामागं रांग लागली.

आक्का म्हणाली, "छापला असतास तर हाताला फोड आला नसता."

अंधार पडता पडता मी हमरस्त्यानं परत निघालो. दीड तास, सरळ. वाटेतल्या सगळ्या पाट्या वाचल्या. बऱ्याचशा गुटख्याच्या आणि लग्नाच्या हॉलच्या होत्या.

गठ्ठ्यातली बरीच पत्रकं अजून एका बाजूनं कोरी आहेत, आणि माझं कन्नड अक्षर मल्लव्वाला आवडलेलं नाही. तुमच्याकडं सुवाच्य कन्नड लिहिणारं कुणी असेल तर त्याला घेऊन, आणि नसेल तर शाळेत शिकलेलं तुमचंच मोडकंतोडकं घेऊन, येत्या रविवारी सकाळी कंग्राळीच्या मारुतीच्या देवळात या. साहेब परत यायच्या आत प्रत्येकीच्या प्रतीवर हे लिहून व्हायला हवं. पेन आपापलं आणा.