पत्र्यावरचे दगड

नांदेडचा विषय निघाला की मी घरात दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. नळाला पाणी कधी येणार, औषधं संपली का, काहीही. तिकडचं ऊन मला सोसत नाही, असं माझ्या बायकोला शेवटपर्यंत वाटत होतं. मीच तिला तसं सांगितलं होतं. खरं कारण ऊन नव्हतं. अहमदपुरातला आमचा जुना शेजारी नांदेडला राहायला गेला होता आणि तो का गेला हे मला कुणाला सांगायचं नव्हतं. आता पंच्याहत्तरी उलटली आहे. एकदा सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

अहमदपुरात मी विम्याचा एजंट होतो. शेजारी गाद्या भरायचा. कापूस पिंजून तो खोळीत भरायचा आणि त्याची बायको जाड सुईनं गादीला टाके घालायची. तिचे टाके इतके सारखे असत की लग्नाच्या गाद्या लोक लांबून तिच्याकडेच आणत. मी त्याला भाई म्हणायचो, तिला भाभी. तो मला भाऊ म्हणायचा. त्याच्या घराची पुढची खोली स्लॅबची होती. मागच्या दोन खोल्यांवर पत्रे होते. कापूस मागेच साठवलेला असे आणि काम तिथंच चाले.

माझं मूळ गाव किल्लारीच्या शेजारचं. भूकंप झाला त्या पहाटे मी तिथंच होतो. दगडमातीच्या भिंती आणि वर हात-हात मातीचं माळवद, अशी आमची घरं. थोरल्या बहिणीला मी स्वतःच्या हातांनी दगडांखालून काढलं. ती गेलेली होती. पुढं विम्याच्या धंद्यात आलो तेव्हा माझ्याकडच्या एकाही घराला भूकंपाच्या विम्याशिवाय सोडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. गिऱ्हाइकांनाही तेच हवं असे. लातूर भागातला माणूस घराचा विमा म्हटला की आधी जमिनीकडे बघतो. आभाळाचं कुणी विचारत नसे.

भाईनं विचारलं होतं. मी त्याच्याकडे कागद घेऊन बसलो तेव्हा त्यानं मान वर करून पत्र्याकडे बोट दाखवलं.

"भाऊ, जमिनीचं झालं. वरचं काय? वैशाखात वारं लई माजतंय. याचे हूक बी ढिल्ले झालेत."

त्या काळी घराच्या विम्यात आग, वीज, वादळ, पूर हे एकत्र येत. भूकंप वेगळा घ्यावा लागे आणि त्याचा हप्ता वरून भरावा लागे. पण वादळ आणि पूर नको असं लिहून दिलं की मूळ हप्ता कमी होई. आम्ही एजंट मंडळी ही सूट सर्रास वापरायचो. भूकंप घालायचा, वादळ काढायचं, म्हणजे आकडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यात खुपत नसे. दुसऱ्या एका एजंटानं भाईला माझ्यापेक्षा स्वस्तात देऊ केलं होतं. मला हे गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. मी वादळ काढून टाकलं. त्याला ते सांगितलं नाही.

वर हसून म्हणालो, "वाऱ्याला काय भिता भाई? पत्र्यावर चार दगड ठेवा की. त्याला हप्ता पडत नाही."

भाभी सुईत दोरा ओवत होती. ती म्हणाली, "भाईसाब, दगड तुमी आनून देनार का? हे तर पिशवीभर भाजी बी उचलत न्हाईत." आम्ही तिघंही हसलो. त्याच आठवड्यात भाईनं दगड आणले. चांगले मोठे होते. पत्र्याच्या कडेला त्यानं ते ओळीनं मांडले आणि रस्त्यावरून मला हाक मारून दाखवले.

तीन-चार वर्षं काही झालं नाही. मग एका वैशाखात, दुपारी, आभाळ पिवळं पडलं, वावटळ उठली आणि पाऊस सुरू झाला. मी आमच्या स्लॅबच्या घरात खिडकीशी उभा होतो. भाईच्या मागच्या खोलीच्या पत्र्याची एक कड उचलली गेली, खाली बसली, पुन्हा उचलली गेली. कलत्या पत्र्यावरून दगड आत घसरले. मागोमाग पत्रेच गेले. त्यातला एक आम्हाला दुसऱ्या दिवशी बाजार समितीच्या कुंपणात सापडला.

दगड आत पडले तेव्हा भाभी पत्र्याच्या फटीतून आत येणाऱ्या पावसातून अर्धी शिवलेली गादी ओढत होती. एक दगड तिच्या उजव्या मनगटावर आला. मी धावत गेलो तेव्हा भाई तो दगड बाजूला सारत होता. मीही हात लावला. त्या दगडाचं वजन हाताला लागलं आणि मला गावाकडची ती पहाट आठवली. लातूरला नेऊन हाड बसवलं, पण बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. सुई तिच्या हातात परत आली नाही.

कंपनीचा माणूस पाहणीला आला. त्यानं भिजून काळा पडलेला कापूस पाहिला, वर मोकळं आभाळ पाहिलं आणि म्हणाला, "यात वादळ नाही. भूकंप आहे." भाईनं माझ्याकडे पाहिलं. भाभीचा हात गळ्यात बांधलेला होता. खरं सांगायचं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "भाई, पत्र्याच्या घरांना वादळाचं मिळत नाही. नियमच तसा आहे."

पाहणीला आलेला माणूस तरुण होता. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बॅग बंद केली.

चौकातल्या हॉटेलात लोकांनी भाईची फार चेष्टा केली. "चला रे, सगळे मिळून उड्या मारू. जमीन जरा हालली की भाईला पैसे मिळतेत!" मी तिथंच चहा पीत होतो. एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "काय वो एजंट, किती मानसं लागतेत हो जमीन हालायला?" तर भाईच त्याच्यावर तडकला. "त्या मानसाला कायबी बोलायचं न्हाई. नियम कंपनीचा हाय. त्यानं काय केलं?"

छपराला आणि दवाखान्याला मिळून त्याच्याकडचं सगळं गेलं. टाके घालायला बाई ठेवली, पण गिऱ्हाइकांना भाभीचाच हात हवा होता. दोन पावसाळे त्यांनी मागं ताडपत्रीखाली काढले. मग घर विकलं आणि ते नांदेडला तिच्या भावाजवळ गेले. सामान टेम्पोत चढवताना मी मदतीला होतो. भाई म्हणाला, "भाऊ, तुमच्यासारखा शेजारी तिथं मिळंल का न्हाई कोन जाने."

मागच्या वर्षी डोळ्याच्या कामासाठी नांदेडला जावंच लागलं. दवाखान्यातून सरळ त्याच्या घरी गेलो, सांगायचंच ठरवून. भाई खूप वाळला होता. भाभीनं डाव्या हातानं कप पुढं केला. मुलानं आता स्लॅबचं घर बांधलं होतं, त्याच्या विम्याचं चाललं होतं. भाईनं उत्साहानं विचारलं, "भाऊ, आता म्हने घराच्या विम्यात वादळ, पूर, भूकंप सगळं संगंच येतंय. खरं हाय का?"

"खरं आहे."

"बघा! आपल्या टायमाला तसा नियम असता तर?" मग भाभीच्या हाताकडे न बघता तो हळूच म्हणाला, "आपला टाइमच खराब, दुसरं काय."

तोंड उघडलं होतं मी. भाभी म्हणाली, "चहा थंड होऊन राहिला, भाईसाब." मी चहा प्यायलो आणि म्हणालो, "हो. तेव्हा नियम नव्हता."

दुसऱ्यांदा तेच. या वेळी दुसरा कुणी एजंट नव्हता, गिऱ्हाईक जाण्याची भीती नव्हती, काहीच नव्हतं.

दिवाळीनंतर भाई गेल्याचा निरोप आला. मातीला मी गेलो नाही. घरी कारण पुन्हा उन्हाचंच सांगितलं, थंडीचे दिवस असूनही. भाभी आहेत. अहमदपूरहून नांदेडला गाड्या सुटतात. दोनदा मी स्टँडवर जाऊन बाकावर बसून परत आलो आहे. काय म्हणायचं ते पाठ झालंय. भाई, नियम तेव्हाही होता. वादळ मी काढलं, तुम्हाला न विचारता. भाभी, तुमच्या हातावर पडलेला दगड मी ठेवायला सांगितला होता. मला माफ...