दहिसरच्या कुंदा परुळेकर

आज सकाळी मुलुंडला डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते. नर्सने हाक मारली, "कुंदा परुळेकर!" आणि नाव माझं नसताना मीच ताडकन उठले.

मंडळी, ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरला राहायचे आणि एका रहस्यकथा मासिकाची वेडी होते. त्यातल्या गुप्तहेराने आपल्या असिस्टंटशी लग्न करावं, असं मी वाचकांच्या पत्रांत सारखी लिहायचे. पुढच्या अंकात 'कुंदा परुळेकर, दहिसर' मला झोडपायच्या. "लग्न कशाला? तिला स्वतःचं ऑफिस काढू दे!" चार वर्षं हे भांडण चाललं. भेट मात्र कधीच झाली नाही.

त्या डोळे तपासून घेऊन बाहेर आल्यावर मी धीर करून विचारलं, "तुम्ही पूर्वी दहिसरला होतात का?"

"हो. का गं?"

"मी घाटकोपरची सुनीता साटम."

औषध घातलेले डोळे बारीक करून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अगो बाये! ती लग्नवाली?"

दोघी इतक्या हसलो की नर्सने गप्प बसवलं. मग इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न मी विचारलाच. "तुम्ही लिहिणं का थांबवलंत?"

"तू थांबलीस म्हणून. पुढचे दोन-तीन अंक आधी पत्रांचं पान उघडून बघितलं. मग म्हटलं, आता भांडायचं कोणाशी?"

मी लिहायची थांबले, कारण माझं लग्न झालं होतं; अंक मात्र वाचत होते. दहिसरला कोणी माझी वाट बघत असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

तुमचं होतं का असं कोणी, न भेटताच जवळचं झालेलं? कधी शोधलंत त्यांना?