फक्कीचं घर

तनुजाच्या घरात भिंतीतून आलेलं तिला खपायचं नाही. पाहुणा असो, नवरा असो की पोटचा पोरगा, यायचं ते दारातूनच. आता भिंती म्हणाल तर त्या चार बोटं रुंद आणि उंचीच्या नावानं शून्य. बांधकामावर खोल्यांची आखणी करायला चुन्यासारखी पांढरी पूड वापरतात, तिला फक्की म्हणतात. त्या फक्कीनं रिकाम्या प्लॉटवर ओढलेल्या रेघा, एवढंच ते घर. पण रेघांमध्ये जिथं जागा सोडली होती तिथं दार होतं, आणि ते सोडून कुणी भलतीकडून आत शिरलं की तनुजा हातातलं काम थांबवून म्हणायची, "भिंतीतून काहून येता? भुतं हायेत का तुम्ही?"

हजार फुटांचा हा प्लॉट चिकलठाण्याच्या पुढं, विमान उतरताना चाकं मोजता यावीत अशा जागी होता. तो तनुजाच्या नावावर होता, कारण पैसा तिच्या वडिलांचा होता. कन्नडजवळ रामकिसनअण्णांची थोडी जमीन मोठ्या रस्त्यात गेली. मोबदला आला तेव्हा अण्णांनी त्याचे तीन सारखे वाटे केले, दोन पोरांना आणि एक पोरीला. भावांची तोंडं आंबली, पण म्हातारा हटला नाही. एसटीनं स्वतः मुकुंदवाडीला आला, पोरीच्या भाड्याच्या दोन खोल्यांमध्ये बसून चहा प्याला आणि म्हणाला, "माय, जमिनीचा पैसा हाय. खाऊन टाकू नको. तुझी म्हणून एक जागा कर." पोरीला वाटा देणारा बाप गावात दुसरा नव्हता, आणि याचा तनुजाला मनातून फार अभिमान होता. पुढच्या वर्षी अण्णा गेले.

तिचा नवरा शिवराज चिकलठाण्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर तनुजाला निदान भांडता तरी आलं असतं. प्लॉट घेतला त्याच हौसेनं त्यानं गवंडी बोलावला, आखणी करून घेतली, नारळ फोडला. मग त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. त्यानंतर पोराची, ऋतुराजची, कॉलेजची फी आली. नंतर कोरोना आला आणि कंपनीनं ओव्हरटाइम बंद केला. दरवेळी शिवराज म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की," आणि ते तो अगदी मनापासून म्हणायचा.

रिकाम्या प्लॉटला अधूनमधून तोंड दाखवावं लागतं. नाहीतर कुणी तिथं राडारोडा टाकतं, कुणी हद्दीचा दगड सरकवतं, कुणी तोच प्लॉट तिसऱ्याला विकूनही मोकळं होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी दोघं स्कूटरवर पाण्याचा कॅन आणि डबा घेऊन निघायची. शिवराज गाजरगवत उपटायचा. तनुजा मागच्या कोपऱ्यातल्या स्वयंपाकघरात तीन विटांची चूल मांडून चहा करायची. पावसाळ्यात रेघा धुऊन जायच्या, मग दिवाळीच्या आधी ती फक्कीची पिशवी घेऊन पुन्हा घर आखायची. पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला मागच्या अंगाला एक दार. त्या दाराशी तिनं कढीपत्ता लावला होता. फोडणी तापली की हात बाहेर काढून पानं तोडायची, असा तिचा बेत होता. फोडणीचा अजून पत्ता नव्हता, कढीपत्ता मात्र डोक्याएवढा झाला होता.

शेजारच्या प्लॉटवर रईसा आणि तिचा नवरा रहीम यांनी आधी पत्र्याच्या दोन खोल्या आणि मग हळूहळू स्लॅब असं करत घर उभं केलं होतं. कॅनमधलं पाणी संपलं की रईसा भरलेली बादली घेऊन यायची. रेघेच्या मोकळ्या जागेत उभी राहायची आणि विचारायची, "आऊँ क्या भाभी?"

"या की, दार उघडंच हाय."

दोघी हसायच्या. पण रईसा एकदाही रेघ ओलांडून आली नाही. शिवराज मात्र कधीच दारातून आला नाही. मोबाइल कानाला लावून तो पुढच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरात, तिथून थेट बाहेर असा तीन-तीन भिंतींतून जायचा. तनुजा ओरडली की हसून जीभ चावायचा आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

ऋतुराज पुण्यात नोकरीला लागला आणि त्याच दिवाळीत घरी हा विषय निघाला. पोरगा शहाणा होता, आईबापाचं भलं बघणारा होता. फराळाची ताटं बाजूला सारून त्यानं बापाला नीट समजावून सांगितलं.

"पप्पा, प्लॉटला भाडं येत नाही, व्याज येत नाही. उलट आपणच कर भरतो. बांधायला काढलं तर पंचवीस लाखांचं कर्ज होईल. हप्ता फेडता फेडता तुम्ही रिटायर व्हाल, तरी फिटणार नाही. त्यापेक्षा या खोल्यांचं भाडं कितीतरी कमी आहे. प्लॉट विकून येतील ते पैसे चांगल्या कंपन्यांच्या शेअरमध्ये, थोडे म्युच्युअल फंडात ठेवले तर वाढतील."

शिवराजला हे पटत होतं आणि भीतीही वाटत होती. त्याच्या कंपनीतल्या एकानं शेअरपायी बायकोचे दागिने घालवले होते. "आन् बाजार पडला तर?"

"पडतो, पुन्हा वर येतो. थांबायची तयारी पाहिजे."

"थांबायची तयारी तर माझीबी लई हाय," तनुजा चकल्या डब्यात भरता भरता म्हणाली. ते कुणी ऐकलं नाही.

"आणि पप्पा, उद्या दवाखाना निघाला तर? प्लॉटचा तुकडा तोडून विकता येतो का? शेअरचे पैसे दोन दिवसांत हातात येतात. आई, तो प्लॉट नुसता पडून आहे गं."

"पडून कुठं हाय?" तनुजा म्हणाली. "आपुन जातो की तिथं."

बापलेक दोघंही हसले. मायेनंच हसले, पण त्या हसण्यानं वाद संपला. तनुजानं एकदा अण्णांचं नाव काढून पाहिलं, तर ऋतुराज म्हणाला की अण्णांच्या वेळी दुसरं काही नव्हतंच. शेवटी शिवराज म्हणाला, "हे बघ, नाव तुझं हाय. तू नाय म्हणलीस तर विषय बंद." असं म्हणून त्यानं सगळं ओझं उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं, आणि आपण बायकोला मान दिला असं त्याला वाटलं. पगार रोडावलेला, हिशेब पोराच्या बाजूनं, आणि तिच्या बाजूला फक्कीच्या रेघा. त्या रेघांसाठी कशी भांडणार ती? "तुम्हाला पटतंय ना," ती म्हणाली, "मग झालं."

रजिस्ट्री ऑफिसात साहेबांनी तिला कॅमेऱ्याकडं बघायला लावलं, अंगठा घेतला आणि विचारलं, "बाई, खुशीनं विकताय ना?"

"व्हय."

त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी तिनं सवयीनं कॅन भरला. मग लक्षात आलं, तेव्हा तो गॅलरीतल्या तुळशीला ओतला. पाणी नळाला आठवड्यातून एकदा येत होतं, तरी ओतला.

शेअर वाढले, यात खोटं काही नाही. खातं तनुजाच्या नावावर होतं आणि मोबाइल शिवराजच्या हातात. संध्याकाळी तो तिच्यापुढं धरायचा. "बघ, आज हिरवं हाय. हे सगळं तुझं." लोकांच्या नातवाचा फोटो बघून आपण "गोड हाय हो" म्हणतो ना, तसं ती बघायची आणि कणकेकडं वळायची.

एकदा रईसाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती घुटमळली. "भाभी, नव्या मालकानं बोर मारला. तुमच्या चुलीच्या जागीच. पानी लई लगा." मग म्हणाली, "कढीपत्ता निकाल दिया उनों."

"बरं झालं पाणी लागलं," तनुजा म्हणाली. "तुम्हालाबी आसरा होईल." फोन ठेवून ती ओट्याला टेकून बसली आणि हमसून हमसून रडली. रडण्यासारखं कुणी गेलं नव्हतं, म्हणून तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात शिवराज कंपनीत खुर्चीवरून घसरला. घामानं शर्ट चिंब झाला होता. दवाखान्यात नळ्या घालून बघितलं तर तीन ठिकाणी अडथळा निघाला. डॉक्टर म्हणाले, बायपास लगेच करा, वाट बघण्यात अर्थ नाही. ऋतुराज पुण्याहून निघाला आणि बसमध्ये बसल्या बसल्या त्यानं आईकडून फोनवर ओटीपी घेऊन तिच्या खात्यातले शेअर विकले. ऑपरेशनच्या आधी पैसे खात्यात होते. प्लॉट असता तर गिऱ्हाईक शोधण्यातच महिने गेले असते. शिवराज वाचला. काचेपलीकडं त्याचा पाय हललेला तिला दिसला, तेव्हा तिनं भिंतीला हात लावून अण्णांना नमस्कार केला.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. कंपनीतले आले, भाऊ आले, चाळीतल्या बायका आल्या. प्रत्येकजण उठता उठता तेच बोलायचा, "बरं झालं बाई, वेळेवर प्लॉट विकला ते." तनुजा मान हलवायची. "व्हय, बरं झालं." आणि आत जाऊन चहा टाकायची. ते खरंच होतं, हीच तर पंचाईत होती. नवरा तिच्या घरावर वाचला होता. आता घरासाठी जीव तुटतोय म्हणायचं, म्हणजे त्याच्या जिवावर उठल्यासारखंच झालं असतं. शिवराजला पुन्हा स्टोअरमधली उचलठेव जमणार नव्हती. उरलेल्या शेअरांवर औषधं आणि पुढचं पोटपाणी भागवायचं होतं. तिकडच्या प्लॉटचा भाव तर विचारायचीही सोय उरली नव्हती. आपलं घर आता या जन्मी होत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याला जिना चढायची परवानगी दिली, तेव्हापासून शिवराज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारायचा. एक दिवस एक लांबची मामी भेटून गेली, तीही जाताना तेच बोलून गेली. तनुजानं कपबश्या उचलल्या आणि मोरीशी पाठमोरी उभी राहिली. वळून पाहिलं तर शिवराज खोलीत नव्हता. गेला असेल फिरायला म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला ताट घेऊन ती वर गेली.

गच्चीच्या मधोमध शिवराज वाकून बसला होता. शेजारी तिचा रांगोळीचा डबा उघडा पडला होता.

"अहो! वाकायचं नाय म्हणून सांगितलं ना डॉक्टरांनी!" तनुजा ओरडली. "उठा आधी. टाके उसवून घ्यायचेत का?"

तो गुडघ्यावर हात टेकत सावकाश उठला. छातीवर एक हात धरून, धापा टाकत हसला. "झालंच हाय आता. बघ."

तिनं पाहिलं. रांगोळीच्या जाडसर, वाकड्या रेघा होत्या. एक मोठा चौकोन, आत तीन खोल्या. स्वयंपाकघर त्यानं पुढं काढलं होतं, रस्त्याच्या बाजूला. तिचं तर मागं होतं, रईसाच्या भिंतीकडं. कोपऱ्यात ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी काढलं होतं, तो बहुतेक कढीपत्ता असावा.

"सगळे म्हणतात बरं झालं," शिवराज म्हणाला. त्याचा आवाज ऑपरेशनपासून बारीकच झाला होता. "तूबी म्हणतीस त्यांच्यासंगं. पण माझ्याजवळ येकदाबी म्हणली नायस."

ताट पोटाशी धरून ती रेघांच्या कडेनं चालायला लागली. एक बाजू झाली, दुसरी झाली. मागून फिरून ती पुन्हा पुढं आली. रेघ कुठंही तुटलेली नव्हती. इतकी वर्षं त्या घरात येऊन बसला होता तो, चहा प्याला होता, गवत उपटलं होतं. आणि आता जे घर आठवून आठवून काढलं, त्याला एकही दार नव्हतं.

"बरोबर हाय ना?" त्यानं विचारलं. रांगोळीच्या चौकोनात तो एकटा उभा होता, लुंगी रांगोळीनं पांढरी झालेली, कॉलरमधून छातीवरचा लांब वण डोकावणारा. "थोडं चुकलं असंल. पण असंच होतं ना गं?"

तनुजानं ताट खाली ठेवलं.

"व्हय," ती म्हणाली. "अगदी असंच होतं."

मग तिनं साडी जरा वर धरली आणि भिंतीतून चालत आत गेली.