साफ केलेली टिंबं

आमच्या हॉस्पिटलात केसपेपर काढणाऱ्या बाईंना आम्ही नर्स टिंबताई म्हणतो. साहेब लोकांना हे नाव ठाऊकच नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला. मी तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातली सिस्टर. झालं त्याला दोन महिने होतील, पण माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

आमचं जुनं सॉफ्टवेअर सतरा वर्षांचं. त्यात नाव, वय, पत्ता, सगळ्याला जागा. पण पेशंटला कुठलं औषध सोसत नाही हे लिहायला जागाच नाही. ताईंनी पहिल्याच वर्षी ती मागितली. "बघू," म्हणाले. बघतायत अजून. मग ताईंनी आपली सोय आपणच केली. पेनिसिलिन चालत नसेल, तर नावाआधी एक टिंब. स्क्रीनवर टिंब दिसलं की आम्ही सुई खाली ठेवायचो. नव्या नर्सला पहिल्या दिवशी हे शिकवायचं, मग बाथरूम कुठे आहे ते.

पुढे सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले. यापुढे दुरुस्ती नाही, बाहेरून कोणी घुसलं तर तुमचं तुम्ही बघा. हे बदला, असं पहिलं पत्र कोणी दिलं? टिंबताईंनीच. चार वर्षांत पाच पत्रं दिली, पाचही कानामागे टाकली. मग दुसऱ्या एका हॉस्पिटलचं सगळं रेकॉर्ड चोरट्यांनी अडकवून ठेवल्याची बातमी आली, तेव्हा कुठे यांच्या तोंडचं पाणी पळालं. तीन आठवड्यांत सगळं नव्या सर्व्हरवर हलवा, म्हणून एकच धावपळ.

मिटिंगला ताईंना बोलावलंच नव्हतं. त्या आपण होऊन गेल्या आणि दारात उभं राहून म्हणाल्या, "साहेब, नावाआधीची टिंबं जशीच्या तशी जायला हवीत. त्यांना अर्थ आहे."

प्रशासन अधिकारी हसले. "बाई, टिंबाटिंबाचं बघायला नव्या सर्व्हरच्या कंपनीची माणसं आहेत. तुम्ही तुमची खिडकी सांभाळा."

वॉर्डांच्या वतीने मी तिथेच बसले होते. तोंड उघडायला हवं होतं, नाही उघडलं. त्या हसण्याइतकीच माझी मला चीड येते.

रविवारी सगळं हललं. जुना सर्व्हर धोक्याचा, म्हणून त्याच संध्याकाळी पुसूनही टाकला. सोमवारी सकाळी नवी स्क्रीन आली, रंगीत, देखणी. औषधांच्या ॲलर्जीचा वेगळा रकानाही होता आणि तो सगळ्यांचाच रिकामा होता.

दहाच्या सुमाराला एक म्हातारे शिंपीकाका आले. छातीत कफ, धाप इतकी की शब्द फुटेना, सोबत कोणी नाही. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं. मी स्क्रीन पाहिली. टिंब नव्हतं. मी इंजेक्शन भरलं, काकांची बाही वर केली, आणि दारातून आवाज आला, "सिस्टर, थांबा. हे टिंबवाले आहेत."

ताई तीन जिने चढून आल्या होत्या. काकांचा पेपर काढताना टिंब दिसलं नाही, वॉर्डाचा फोन लागेना, म्हणून खिडकी तशीच टाकून धावल्या. मी सुई खाली ठेवली.

मग आम्ही दोघी थेट अधिकाऱ्यांच्या खोलीत. तिथे कंपनीचा माणूस कौतुकाने अहवाल दाखवत होता: नावांमधली अकराशे सहा निरर्थक चिन्हं काढून डेटा साफ केला, यादी सोबत. ताईंनी ती यादी त्याच्या हातातून घेतली. "यातलं एक पान जरी हरवलं ना, तर माझ्याशी गाठ आहे." एवढंच बोलल्या. जगात तेवढी एकच यादी उरली होती. ती समोर ठेवून आम्ही तीन दिवस खपलो आणि रिकामा रकाना भरला.

चौथ्या दिवशी पत्र आलं. माफीचं नाही हो. अधिकृत नोंदींमध्ये सतरा वर्षं अनधिकृत चिन्हं का टाकलीत, याचा लेखी खुलासा करा. ताईंच्या नावाने. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ताईंनी मात्र शांतपणे कागद घेतला आणि लिहिलं:

"टिंबं मीच टाकली. अकराशे सहा माणसं आहेत. सतरा वर्षांत त्यांच्यातल्या एकालाही आपल्याकडे ते इंजेक्शन दिलं गेलं नाही. सोमवारी एकाला देणार होते."

मी पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, "सुई माझ्या हातात होती." मग सही केली.