खाप्याच्या गाडीतली जागा

शहरात, बर्डीच्या बाजारात, आमच्या छापखान्याच्या दारात एक वांगीवाली बसायची. ती रोज सकाळी खाप्याहून पहिल्या गाडीनं यायची. खापा माझंही गाव, पण मी तिला कधी नाव विचारलं नाही. वांगी तेवढी दाबून पाहायचो.

त्या वर्षी मी खाप्याच्या आठवणींचं एक पुस्तक हातानं रंगवलं होतं. नाव ठेवलं ‘गाव होतं तेव्हा’. चित्रं इतकी उदास की माझा मलाच हुंदका येई, आणि तो कुणीतरी पाहावा म्हणून मी पुस्तक घेऊन हिंडायचो.

एकदा ते तिच्यापुढेही उघडलं. तिनं अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलं. माझी जलरंगातली कन्हान नदी त्या ओल्या फराट्यासरशी घाटाच्या पायऱ्या चढली.

‘हां, पुरात अशीच चढते,’ ती खूश होऊन म्हणाली.

मी पुस्तक ओढून घेतलं आणि जड आवाजात नाव वाचून दाखवलं. तिनं पदराला अंगठा पुसला.

‘होतं म्हंजे? काय झालं गावाले? मी तं रोज तिथूनच येऊन राहिली. तुम्ही काहून येत नाही भाऊ?’

‘या पुस्तकामुळे वेळच मिळत नाही,’ मी म्हणालो.

‘आज चला. संध्याकाळच्या गाडीत जागा धरून ठेवते.’

संध्याकाळी स्टँडवर गेलो. तिनं शेजारच्या सीटवर रिकामी टोपली ठेवली होती. गाडी सुटेपर्यंत मी खांबाआड उभा राहिलो.

घरी येऊन पुस्तकात त्या टोपलीचं चित्र काढलं. लोक अजून त्याच पानावर थांबतात आणि म्हणतात, ‘गावाची काय ओढ आहे हो तुम्हाला!’