बेचाळिसाजवळची टीप

माझ्या भावजयीला मी घुमी म्हणते. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात नाव पडलं. विचारलं तर उत्तर देणार, नाही विचारलं तर गप्प. भांडण काढावं तर तिच्याकडून एक शब्द मिळत नाही, भांडायचं तरी कशाशी! पण घुमी माणसं विसरत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आम्ही दोघी एकाच बाटल्यांच्या कारखान्यात. मी पॅकिंगला, बावीस वर्षं. ती वरच्या मजल्यावर, यंत्रांना हुकूम देणारे प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहायची. भट्टीतून निघालेली काच एका लांब बोगद्यातून हळूहळू निववत आणावी लागते. किती मिनिटं, तो आकडा तिच्या प्रोग्राममध्ये होता. बेचाळीस. त्याच्याजवळ तिने टीप लिहून ठेवली होती : ‘हा कमी करू नका. घाईने निवलेली काच नंतर हातात फुटते.’ यंत्र असल्या टिपा वाचत नाही. त्या मागून येणाऱ्या माणसासाठी असतात.

ती काच माझ्या हातात फुटली. उजव्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत. पिशवीची गाठ सोडायची तर मला दात लावावे लागतात.

चौकशी झाली. माल लवकर निघावा म्हणून पाळीवरच्या एकाने बेचाळीसचे तीस केले होते. तो म्हणाला, “तिथे काही लिहिलेलंच नव्हतं.” बघितलं तर खरंच नव्हतं. टीप होती खालच्या ओळीत, लेबलाचा गोंद वाळायला लागणाऱ्या बारा मिनिटांपाशी. तिचे मुख्य साहेब म्हणाले, “बाईंनी टीप भलत्याच जागी लिहिली.” या माणसाला आम्ही पॅकिंगच्या बायका इस्त्रीसाहेब म्हणतो. शर्ट, केस, बोलणं, सगळं कडक. झालं, खापर घुमीच्या डोक्यावर फुटलं. तिला प्रोग्रामवरून उचललं आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं.

ती एकदाच म्हणाली, “मी बेचाळिसापाशीच लिहिली होती.” कुणी ऐकलं नाही. सगळ्यात कमी मी.

मी काही संत नाही. पाच महिने मी तिचा सूड घेतला आणि मन लावून घेतला. तिने चहा पुढे केला की मी तो मोरीत ओतायची. पाहुणे आले की हात मुद्दाम समोर ठेवायची आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, “घरचीच मेहेरबानी.” भाऊ मध्ये पडला, तर त्याला बाईलवेडा म्हणून गप्प केलं. एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने तिचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. “वन्सं, एक मिनिट हे बघा.”

“तुझं तू बघ,” मी म्हटलं. “माझं बघायचं ते मी रोज बघते.” आणि हात तिच्या नाकासमोर धरला. तिने कॉम्प्युटर परत वळवून घेतला. पुन्हा काही दाखवलं नाही.

त्या दिवशी ती काय दाखवत होती, ते मला फार उशिरा समजलं. प्रोग्राम लिहिणारे लोक एक आयता प्रोग्राम वापरतात, फॉर्मॅटर. दुसऱ्याने कसंही लिहिलेलं असो, तो ओळी तोडतो, जोडतो, कंस नीट लावतो आणि सगळं एका शिस्तीत बसवतो. घुमीचा बेचाळीस होता कंसातल्या कंसातल्या कंसात, आणि टीप त्या सगळ्यात आतल्या कंसात. फॉर्मॅटरने ठरवलं की एकट्या आकड्याला एवढे कंस कशाला, आतला काढून टाकू. कंस गेला, टीप उघड्यावर पडली, ती त्याने पुढच्या आकड्याच्या गळ्यात बांधली. काम संपल्यावर तो पडताळाही घेतो, अर्थ बदलला नाही ना म्हणून. पण त्या पडताळ्यात टिपा धरतच नाहीत. आकडे तेच, म्हणजे सगळं ठीक!

कारखान्यातला प्रोग्राम आता घुमीला उघडता येत नव्हता, पण ती ओळ तिला तोंडपाठ होती. घरी तिने ती जशीच्या तशी लिहिली, फॉर्मॅटर चालवला आणि टीप डोळ्यांसमोर खाली उतरली. दुसऱ्याच दिवशी तिने ते इस्त्रीसाहेबांना नेऊन दाखवलं. आणि हे गृहस्थ कोण? अपघाताच्या आठवडाभर आधी बाहेरचे लोक कारखाना बघायला येणार म्हणून सगळ्या प्रोग्रामांवर एका दमात फॉर्मॅटर फिरवणारे! त्यांनी बघितलं, त्यांना लख्ख कळलं, आणि ते म्हणाले, “हे तुम्ही घरी बनवलेलं उदाहरण. जगभर लोक हे वापरतात, ते काय वेडे? तुम्ही कंस जास्तीचा घातलात, हे मात्र दिसतंय.” चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशालाच दोरी आणायला पाठवायचं.

दुसरी एखादी रडली असती. घुमीने ठरवलं, ज्यांचा फॉर्मॅटर आहे त्यांच्याकडूनच चूक त्याची आहे असं लिहून घ्यायचं.

तो फॉर्मॅटर फुकट मिळतो आणि कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं. पण सुचवणं सोपं, मान्य होणं कठीण. पहिल्या दुरुस्तीत टीप जागेवर राहिली, पण दुसरीकडे फॉर्मॅटर तपासायच्या त्रेचाळीस चाचण्या कोसळल्या. दुसऱ्या वेळी तीन कंसांपर्यंत जमलं, चौथ्याला टीप हरवूनच गेली. तक्रारींचे फोन घेता घेता, जेवणाच्या सुट्टीत, रविवारी भाजी शिजेपर्यंत ती तेच करत बसायची. शेवटी तिने उपाय काढला : ज्या कंसात टीप असेल तो कंस मोडायचाच नाही, आणि पडताळ्यात कुठली टीप कुठल्या आकड्याजवळ होती हेही मोजायचं. फॉर्मॅटर सांभाळणारा कुणी दूरदेशीचा माणूस होता. त्याने विचारलं, “याने ओळी लांब होतील, दिसायला वाईट. खरंच कुणाचं काही बिघडलंय का?”

घुमीने लिहिलं, “एका बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं.”

तीन आठवड्यांनी दुरुस्ती स्वीकारली गेली. नव्या आवृत्तीतल्या दुरुस्त्यांच्या यादीत ओळ छापून आली : आतल्या कंसातली टीप पुढच्या आकड्याला चिकटत होती, आता चिकटणार नाही. खाली घुमीचं नाव. चाचण्यांमध्ये तिची ती ओळ कायमची जाऊन बसली, बेचाळीस आणि बारा या आकड्यांसकट.

मग ती कारखान्याच्या मालकीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, बैठक घ्या, साहेबांना बोलवा आणि माझ्या नणंदेलाही बोलवा. मी गेले ती तिची फजिती बघायला. खोटं कशाला बोलू?

घुमीने कॉम्प्युटर इस्त्रीसाहेबांपुढे सरकवला. “ही मालकीणबाईंनी काढायला लावलेल्या अपघाताआधीच्या नोंदीतली माझी ओळ. टीप कुठे आहे, वाचा.”

“बेचाळिसापाशी,” साहेब म्हणाले.

“आता तुम्ही त्या दिवशी वापरलेला फॉर्मॅटर चालवा. तुमच्या हाताने.”

त्यांनी बटण दाबलं. टीप बारापाशी.

“पुन्हा.”

“एकदा झालं की...”

“पुन्हा,” मालकीणबाई म्हणाल्या.

त्यांनी तीनदा दाबलं. तिन्ही वेळा टीप खाली उतरली आणि साहेबांची इस्त्रीही. चौथ्यांदा घुमीने नवी आवृत्ती चालवायला लावली. टीप हलली नाही. मग तिने यादीतली ती ओळ त्यांना मोठ्याने वाचायला सांगितली, खालच्या नावासकट. फजिती झाली ती साहेबांची, आणि मला इतका आनंद झाला की मी टेबलाखाली चांगल्या हाताने मांडी आवळून धरली.

“हे तुम्हाला आधी माहीत होतं?” मालकीणबाईंनी विचारलं. साहेबांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत त्यांची खुर्ची गेली.

जिन्यात मी घुमीला गाठलं. “चुकलं गं माझं,” मी म्हटलं. “माफ कर.”

ती दोन पायऱ्या खाली थांबली. “इथे नको, वन्सं.”

“मग कुठे?”

“जिथे जिथे बोललात तिथे. त्याच माणसांसमोर.” आवाज तसाच, तक्रारींचे फोन घेतानाचा. “इथे जिन्यात बोललात तर ते भलत्याच जागी जाईल.”

मला वाटलं, थट्टा करतेय. नीट बघितलं, तर ती अजिबात थट्टा करत नव्हती. साहेबांना तीनदा बटण दाबायला लावताना होता तोच चेहरा.

आठवडाभर मी दारोदार फिरले. पॅकिंगच्या नऊ जणी, शेजारच्या दोघी, चुलत्याचं घर. प्रत्येक ठिकाणी पूर्ण वाक्य बोलले, “ती निर्दोष होती, मी खोटं बोलले.” एक घर मात्र मागे ढकलत राहिले. काल गेले. दार घुमीच्या आईने उघडलं. पाच महिन्यांपूर्वी याच बाईला मी फोन करून म्हटलं होतं, असली मुलगी जन्माला घालण्यापेक्षा वांझ राहिला असतात तर बरं झालं असतं.

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली.